साठ थाऊचा फरक

१

बोल्ट बंद होईना.

मंगळवार, सकाळचे दहा. काल्डर फ्लॅटच्या रेंजवर मिसेस स्कार चटईवर पालथ्या पडल्या होत्या, गाल रायफलीच्या दस्त्याला टेकवून. वय त्र्याहत्तर. समोर हजार यार्डांवर पांढरं लक्ष्य. रायफलीत त्यांच्या नवऱ्याने, हॅल्वरने, मरण्याआधी स्वतः भरून ठेवलेलं काडतूस. नवं बॅरल बसवून त्यात चेंबर कोरलं होतं माझ्या नवऱ्याने, लाइलने. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट पुढे सरकला, पण त्याची मूठ खाली वळेना.

"जोर लावू नका, मिसेस स्कार," लाइल म्हणाला.

"जोर कुठे लावतेय? विनवतेय त्याला."

लाइलने काडतूस हळूच बाहेर काढून उन्हात धरलं. गोळीच्या खांद्यावर, म्हणजे नाकामागे ती रुंद होते तिथे, सारख्या अंतराने बारीक ओरखडे उठले होते. मी पिकअपमध्ये काच खाली करून बसले होते, मांडीवर आठ महिन्यांची जूनी, तिच्या कानांवर आवाज अडवणारे भोपळ्याएवढे मफ. तिथूनही मला लाइलचा पडलेला चेहरा दिसला.

"घसा आखूड झालाय," तो म्हणाला. "गोळी आधीच खाचांना भिडतेय."

मागे थर्मासमधली कॉफी पीत डेल हचिंग्ज उभा होता. दर मोसमात मिसेस स्कारांशी दोन-चार गुणांनी हरणारा किंवा जिंकणारा माणूस. तो म्हणाला, "लाइल, बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घाल, माझी ना नाही. पण लेथवर तरी जागा राहत जा."

मिसेस स्कार उठल्या, गुडघे झटकले, काडतुसांचा डबा बंद केला आणि कुलूप लावलं. "शनिवारी मोसमाचा पहिला सामना आहे," त्या म्हणाल्या. "हॅल्वरची साठ काडतुसं आहेत. ह्या बॅरलमधून त्या दिवशी ती सुटणार होती. घोळ कुणी घातला ते कळेपर्यंत ह्या डब्याला कुणी हात लावायचा नाही."

घरी येताना लाइलने दहा मैल गाडी चालवली. मग म्हणाला, "मॅरिट, मी रॉयला फोन करतो. तेलाच्या विहिरींवर अजून जागा आहे म्हणत होता."

विहिरी सहाशे मैलांवर, रॉय तिथे माणसं नेमतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी.

२

लांब पल्ल्याची रायफल बांधायची तर आधी चेंबरची मापं ठरवावी लागतात. काडतूस जिथे बसतं ती पोकळी म्हणजे चेंबर. त्याच्या पुढे थोडी मोकळी जागा, तिला घसा म्हणतात, आणि घशानंतर गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा सुरू होतात. घसा किती ठेवायचा ह्यावर लोक लग्नं मोडतील इतकं भांडतात. मापं सगळी थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लग्न झालं तेव्हा मला ह्यातलं काही येत नव्हतं. मी बिलिंग्जची, कॉलेजात इतिहास शिकलेली. पण चार वर्षं जेवणाच्या टेबलावर हेच ऐकलं की येतंच.

घसा ठरवायची सरळ पद्धत अशी, की दारू न भरलेलं एक काडतूस बनवायचं, गोळी हवी तेवढी बाहेर ठेवून. ही डमी. ती रीमर घासणाऱ्या कारागिराला टपालाने पाठवायची. तो तिच्यावरून माप घेतो आणि चेंबर कोरायचं हत्यार, म्हणजे रीमर, घासून देतो.

मिसेस स्कारांनी मार्चमध्ये हॅल्वरची डमी आणून दिली होती. साठ काडतुसांच्याच बैठकीत त्याने ती बनवली, असं त्या म्हणाल्या. लाइलने ती ओरेगनच्या प्रुइटकडे पाठवली. प्रुइटने ड्रॉइंग पाठवलं, लाइलने फोनवर होकार दिला, रीमर आला, चेंबर कोरलं गेलं.

"ड्रॉइंगवर घसा एकशे वीस लिहिला होता," लाइल म्हणाला. तो दुकानातल्या स्टुलावर बसला होता, हात कोपरापर्यंत धुतलेले. माझा नियम आहे, शिशाचे हात बाळाला लागता कामा नयेत. "एवढ्या जड गोळीला एकशे वीस म्हणजे तोकडा. मला तिथेच खटकायला हवं होतं. मी नुसतं 'चालेल' म्हटलं."

"का म्हटलंस?"

मी माझी वही उघडली. जूनी जन्मल्यापासून मी सगळं लिहिते. किती वाजता दूध, किती औंस, कोण आलं, कोण शिंकलं. लाइलची आई हिला ठाणेदाराची वही म्हणते. एप्रिल तीन, दुपारी दोन वीस: *जूनी रडतेय, दात. लाइलकडे दिली. तो प्रुइटशी फोनवर.*

म्हणजे माझ्यामुळेच.

"मग आता घसा लांबव ना," मी म्हटलं.

"लांबवता येतो, पुन्हा आखूड करता येत नाही. किती लांबवू? डबा त्यांच्याकडे कुलपात. अंदाजाने कापून चुकलो तर हॅल्वरने स्वतः निवडलेलं बॅरल भंगारात. माझा हात आता त्या बॅरलला लागणार नाही, मॅरिट. झोप नसलेल्या माणसाने हे काम करूच नये. रॉयला शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

मी वहीचं नवं पान उलटलं. वर लिहिलं, *डमीला कोणी कोणी हात लावला?*

३

बुधवारी मी जूनीला घेऊन कॅफेत गेले. डेल नेहमीच्या कोपऱ्यात हकलबेरी नावाच्या रानफळाचा पाय, म्हणजे गोड सारण भरलेला भाजलेला पदार्थ, खात होता.

"ये गं. चौकशीला आलीस वाटतं. वही दिसतेय."

"बारा मार्चला तू आमच्या दुकानात होतास."

"असेन. तुझ्या वहीत आहे म्हणजे होतोच."

"डमी तिथेच ठेवलेली होती. तू तिला हात लावलास?"

डेलने काटा खाली ठेवला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पण कान लाल झाले. "लावला. कॅलिपरही लावला. हॅल्वर काय करत होता ते बघायची खाज सुटली होती मला, वीस वर्षं. तीन इंच दोनशे थाऊ. चष्मा गाडीत राहिला होता, पण कॅलिपरचे आकडे मोठे असतात. तू समजतेस तसं काही नाही हं. गोळी आत दाबायची असेल तर काडतुसं भरायचा प्रेस लागतो. बोटांनी होत नाही ते."

"तू असं केलंस असं मी कुठे म्हटलं?"

"सगळं गाव म्हणतंय. मिसेस स्कारांना खाली खेचायचं म्हणून मी केलं म्हणे." त्याने पायचा तुकडा जूनीला दाखवला, मी मान हलवली, त्याने स्वतः खाल्ला. "मला तिसरीत त्यांनी शिकवलंय. त्यांचं पहिलं वर्ष होतं. शुद्धलेखनात शेजारच्याची नक्कल केली म्हणून शंभर वेळा लिहायला लावलं, 'मी नक्कल करणार नाही.' त्या बाईचं काही बिघडवायची हिंमत ह्या गावात कुणाची आहे? लाइललाही शिकवलंय त्यांनी. अजून त्यांच्यासमोर खिशातून हात काढतो."

"हॅल्वर कसा होता रे?"

"हट्टी. अख्खी दुनिया सुईच्या नाकाच्या गोळ्यांमागे लागली, तो आपला जुन्या बोथट नाकाच्याच भरायचा. म्हणायचा, सुईच्या नाकाची गोळी माझ्या मेव्हण्यासारखी आहे. दिसायला देखणी, पण वारा सुटला की हिचा पत्ता नाही."

मी ते लिहून घेतलं. का, ते मलाच ठाऊक नव्हतं. तीन इंच दोनशेभोवती मात्र गोल केला. डेल खरं बोलत असेल, तर आमच्या दुकानातून डमी धडधाकट बाहेर पडली होती.

मग जे झालं ते टपालात किंवा ओरेगनमध्ये.

४

प्रुइटचा आवाज फोनवर खडीवरून ट्रक जावा तसा होता.

"तीन इंच दोनशे," तो म्हणाला. "आली तेव्हा तेवढीच. माझ्या खणात आहे, आत्ता मोजतो. थांब... तीन इंच दोनशे. पोरी, मी चाळीस वर्षं हे करतोय. डमीवरून घसा एकशे वीसच येतो. नवऱ्याला सांग, रीमर चोख आहे."

"टपालात काही झालं नसेल ना?"

"लोण्यासारख्या कापसात गुंडाळून आली होती. नवी कोरी, पितळ नुसतं लखलखतंय. नाक सुईसारखं, शेंड्यावर ओरखडासुद्धा नाही. पाठवणाऱ्याने जीव लावून बनवलीय."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिले. डेल खरं बोलत होता. प्रुइटही. लाइलने आपल्या नोंदीतही तीन इंच दोनशेच लिहिलं होतं. डमी जशी निघाली तशीच पोचली. आणि तरी बोल्ट बंद होत नव्हता.

तेवढ्यात जूनीने बाटली फेकली.

दोन दिवस तिचं हेच चाललं होतं. जुनं निपल फाटलं म्हणून मी नवं आणलं होतं, लांबीला अगदी तेवढंच, मी शेजारी धरून बघितलं होतं. ती तोंडात घ्यायची, ओठ मिटायचे नाहीत, थुंकून टाकायची. मी दोन्ही टेबलावर उभी केली आणि प्रथमच नीट पाहिली. शेंड्यापासून बुडापर्यंत एकसारखी. पण जुन्याचं नाक निमुळतं होतं, हळूहळू रुंद होत जाणारं. नव्याचं बोथट, शेंड्याजवळच खांदा फुगलेला. ओठांना शेंडा अडत नव्हता, खांदा अडत होता.

लांबी तीच. खांदा वेगळ्या जागी.

मी वही ओढली. *अख्खी दुनिया सुईच्या नाकाच्या मागे, हॅल्वर बोथट.* आणि प्रुइट म्हणाला होता, नाक सुईसारखं. मग मागची पानं चाळली. बारा मार्च, नऊ दहा: *चार औंस. मिसेस स्कार डबी घेऊन आल्या. आतलं काडतूस इतकं चमकत होतं की जूनीने झडप घातली. हात धुतले, दोनदा.*

हॅल्वरला जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांचं पितळ बाळाला भुलवेल इतकं चमकत नाही. आमच्या दुकानात अशी पितळं पडलेली असतात, चहाच्या डागासारखी तपकिरी होतात.

जी डमी ओरेगनला गेली, ती हॅल्वरची नव्हतीच. आणि हे ह्या गावात कुणाला सुचलं नसतं, कारण गाव त्यांच्या तिसरीत शिकलं होतं. मी बिलिंग्जची.

५

गुरुवारी सकाळी मिसेस स्कारांनी दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघरातून गरम लेफ्सेचा, बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळीचा, वास येत होता.

"ये. बाळाला आण इकडे. जॅकेट त्या खुंटीवर नको, तो हॅल्वरचा कोट आहे. खुर्चीवर टाक."

कोट नेमबाजीचा होता, कोपरांना चामडं लावलेला. छातीच्या खिशाला काहीतरी जड असल्यासारखा झोळ पडला होता. मी पाहिलं आणि नजर वळवली. त्यांनी मला नजर वळवताना पाहिलं.

लोणी-साखर लावून त्यांनी लेफ्से गुंडाळली. मी घास घेतला आणि म्हटलं, "मिसेस स्कार, लाइल विहिरींवर जायचं म्हणतोय. उद्या कळवणार आहे. त्याला वाटतं झोपेअभावी त्याच्या हातून चुकलं."

"चुकलं नाही का?"

"नाही. मी तुम्हाला माझी एक गोष्ट सांगू? जूनी झाली तेव्हा दवाखान्यातून एक टोपी मिळाली होती, निळ्या-गुलाबी पट्ट्यांची. लाइलच्या आईने ती आल्बमसाठी मागितली. मी दिली. पण खरी नाही दिली. तश्शीच दुसरी विकत आणून दिली. खरी माझ्या उशीच्या खोळीत आहे. आजवर कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी जूनीकडे पाहिलं. ती लेफ्सेच्या कडेला हिरड्या लावत होती आणि त्या दिवशी मी तिला अडवलं नाही.

"तू माझ्या वर्गात नव्हतीस ना?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"म्हणूनच." त्या उठल्या, कोटाजवळ गेल्या आणि खिशातून काडतूस काढून टेबलावर उभं केलं. तपकिरी, बोथट नाकाचं. "साठ तर सुटून जाणार, मॅरिट. त्याने हाताने केलेली ही एकच उरणार होती. टपालात हरवली असती तर? मी तळघरात त्याच्या प्रेसवर दुसरी बनवली. बत्तीस वर्षं त्याच्या शेजारी बसून बघितलंय, येतं मला. फळीवर माझा खोका होता गोळ्यांचा, वजन तेच. लांबी चार वेळा मोजली. थाऊचाही फरक नव्हता."

"शेंड्यापासून मोजली ना?"

"मग कुठून मोजणार?"

मी पर्समधून दोन्ही निपलं काढली आणि त्यांच्यासमोर उभी केली. काही बोलावं लागलं नाही. त्यांनी चष्मा सावरला, एकदा निपलांकडे बघितलं, एकदा हॅल्वरच्या डमीकडे, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"एकावन्न वर्षं मी पोरांना नक्कल केली म्हणून उभं केलं," त्या म्हणाल्या. "डेल हचिंग्जला हे कळलं तर मला गाव सोडावं लागेल."

"कळवायचं नाही का मग?"

"छे. कळवायचंच. माझा कोट कुठाय?"

६

त्या आमच्या दुकानात शिरल्या तेव्हा लाइलने खिशातून हात काढले.

"लाइल ब्रँडवोल्ड, इकडे ये. मी नक्कल केली, आणि चुकीची केली. तुझ्या हाताचं काम नीट होतं."

त्याला समजायला क्षण लागला. मग त्याने हॅल्वरची डमी घेतली, कॅलिपरला खांद्यावरून माप घेणारा जोड लावला आणि मोजली. मग प्रुइटला फोन केला. त्यालाही तसंच खांद्यावरून मोजायला लावलं.

"साठ थाऊ," लाइल म्हणाला. "खांदा साठ थाऊ पुढे आहे. घसा एकशे ऐंशी हवा." तो एकदम हसला, मंगळवारनंतर पहिल्यांदाच. "जड गोळीला एकशे ऐंशीच असतो. मला तेव्हा खटकायला हवं होतं ते खरंच आहे."

"ते तर आहेच," मिसेस स्कार म्हणाल्या. "त्याचे दोन मार्क कापले. आता काप घसा."

"आता? ह्या हातांनी?"

"दुसरे आहेत का तुझ्याकडे?"

घसा लांबवायचं हत्यार वेगळं असतं, हाताने फिरवायचं. लाइलने बॅरल पकडीत धरलं, तेल सोडलं, चौथाई फेरा दिला, बाहेर काढून पुसलं, मोजलं, पुन्हा घातलं. मिसेस स्कार शेजारी स्टुलावर बसून आकडे मोठ्याने म्हणत होत्या, जणू पाढे चालले आहेत. एकशे चाळीस. एकशे साठ. एकशे पंचाहत्तर. मी जूनीला कडेवर घेऊन दारात उभी होते. एकशे ऐंशीला लाइलने हत्यार खाली ठेवलं, सगळं धुऊन पुसून बॅरल जोडलं आणि हॅल्वरची डमी चेंबरमध्ये सरकवली.

बोल्टची मूठ खाली वळली. आवाज इतका हलका, की जूनीने मान वळवून बघितलं.

शुक्रवारी सकाळी रॉयचा फोन आला तेव्हा लाइल जूनीला भरवत होता, जुन्या घाटाच्या निपलने. मी तसली सहा आणून ठेवली होती. "नाही रे," तो म्हणाला, "इथे काम आहे." आणि फोन ठेवून पुन्हा बाटली तिरकी केली.

शनिवारी वारा डावीकडून होता. मिसेस स्कारांनी साठच्या साठ सोडली, एकही न चुकता, आणि गुणांत चौथ्या आल्या. डेल तिसरा. बक्षिसाच्या वेळी तो त्यांच्याजवळ आला, खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"शंभर वेळा लिहून आणायचं," तो म्हणाला. "ओळ वर लिहून दिलीय."

त्यांनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि त्यातली एक चूक दुरुस्त केली. "'नक्कल'मधल्या दोन क लिहायला तुला अजून जमत नाही, डेल." मग कागद पर्समध्ये ठेवला. पुढच्या आठवड्यात तो कॅफेत डेलच्या नेहमीच्या कोपऱ्यात चिकटवलेला सापडला, दोन्ही बाजूंनी भरलेला, सुंदर अक्षरात.

परतताना लाइल गाडी चालवत होता, जूनी मागे झोपलेली. काल्डर फ्लॅटचा फाटा गेला तसं मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तुझ्या आईला दिलेली टोपी..."

"खरी नाही," तो म्हणाला.

मी सीटवर त्याच्याकडे वळले.

"आतल्या शिवणीला दुकानाची पट्टी होती गं, किमतीसकट. आल्बममध्ये लावण्याआधी मी काढून टाकली." त्याने आरशातून जूनीकडे पाहिलं. "आता म्हणू दे डेलला, झोप नसलेल्या माणसाला काही दिसत नाही म्हणून."